हुबळी-धारवाडात नवं घर बांधताय? फरशी आणि रंग निवडण्याआधी जमीन बघा, एक पावसाळा जाऊ द्या

स्लॅब टाकून झाला, गिलावा झाला, की घरातल्या सगळ्यांना घाई सुटते. कर्जाचा हप्ता सुरू झालेला असतो, भाड्याच्या घराचं भाडंही चालूच असतं. त्यात भटजींनी अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त काढलेला. मग महिन्याभरात फरशी, ओटा, पुट्टी, रंग, फॉल्स सीलिंग, सगळं उरकायचं. आमच्या थोरल्या भावानेही हेच केलं. हुबळीत गोकुळ रोडच्या मागच्या बाजूला थर्टी-फॉर्टीची साईट, म्हणजे बाराशे चौरस फुटांचा प्लॉट. होळीच्या सुमारास फरशी बसली, पाडव्याला रंग, अक्षय्य तृतीयेला वास्तुशांती. दिवाणखाना असा चकचकीत की जेवायला आलेले पाहुणे चपला कुठे काढायच्या ते विचारत होते.

पुढच्या दिवाळीपर्यंत भिंतीच्या कडेला स्कर्टिंग आणि फरशीच्या मध्ये पोस्टकार्ड जाईल एवढी फट पडली. दुसऱ्या उन्हाळ्यात एका दुपारी दिवाणखान्यात टणकन आवाज झाला आणि मधल्या फरश्या तंबूसारख्या वर आल्या. नऊ फरश्या गेल्या. भाऊ फरशीच्या कंपनीवर चिडला, वहिनी गवंड्यावर. बघायला आलेला म्हातारा मेस्त्री मात्र वाकून हाताने खालची माती चाचपत म्हणाला, "नेल इन्ना कुंतिल्री." जमीन अजून बसलेली नाही. दोष फरशीचा नव्हता. फरशीखालचा भराव खचला होता आणि वरून फरश्या सांधा न ठेवता एकमेकींना घट्ट चिकटवल्या होत्या.

हुबळी-धारवाडात, किंवा इथे मुलाचं-मुलीचं घर उभं राहतंय म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड, कोल्हापूरकडून येऊन मदत करणाऱ्यांनी हीच गोष्ट आधी समजून घेतली तर पुढचे पैसे वाचतील. नमुन्याच्या तुकड्यावरून रंग कसा दिसतो ते कळतं. तो टिकेल की नाही, ते त्याच्या खाली काय आहे त्यावर ठरतं.

एक महानगरपालिका, दोन माती

1962 साली दोन्ही शहरांची मिळून एक महानगरपालिका झाली, पण जमीन काही एक झाली नाही. दोन्ही शहरांत जेमतेम वीस किलोमीटरचं अंतर. धारवाड उंचावर, मलनाडच्या कडेला. अळणावर, कलघटगीकडे जाल तशी लाल माती, मुरूम, झाडी आणि पाऊस वाढत जातो. हुबळी पठाराच्या मोकळ्या बाजूला आणि तिथून पूर्वेला नवलगुंद, अण्णिगेरीपर्यंत कापसाची काळी माती. कन्नडमध्ये तिला 'एरे' म्हणतात. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल अशा भेगा पडतात. शेतकऱ्याला ती सोनं आहे, घर बांधणाऱ्याला डोकेदुखी. अर्थात शहराच्या आतही गल्लीगणिक फरक आहे. आपल्या प्लॉटवर काय आहे ते पायाचा खड्डा खणताना दिसतं, त्या दिवशी स्वतः जाऊन बघा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

भिंती पायावर उभ्या असतात. इंजिनिअरने पाया नीट खोल नेला असेल, कॉलम-बीम दिले असतील, तर भिंती सहसा हलत नाहीत. तळमजल्याची फरशी मात्र पायावर नसते, ती जोत्याच्या आत टाकलेल्या भरावावर बसलेली असते. इथेच फसवणूक होते. पायातून निघालेली काळी माती बाहेर नेऊन टाकायला ट्रॅक्टरचे पैसे पडतात, म्हणून तीच परत जोत्यात ढकलली जाते. तसं होऊ देऊ नका. भराव मुरमाचा हवा आणि तोही एकदम ओतलेला नको. सहा ते नऊ इंचांचा थर, त्यावर पाणी, त्यावर धुम्मस, मग पुढचा थर. एकदम तीन फूट मुरूम टाकून वर पाणी सोडलं की झालं, असं सांगणारा गवंडी तुमचा वेळ वाचवत नसतो, स्वतःचा वाचवत असतो. त्यावर चार इंचांचा काँक्रीटचा थर, मग फरशी.

घराभोवती दोन-तीन फूट रुंद, बाहेर उतार असलेली फरसबंदीही याच कामाचा भाग समजा. पागोळ्यांचं पाणी पायाशी मुरलं नाही तर माती वर्षभर साधारण एकाच ओलीत राहते, फुगणं-आकसणं कमी होतं. आमच्या भावाने तिथे हौसेने बाग केली होती आणि रोज संध्याकाळी पाइपने पाणी घालत होता.

मोठी फरशी की छोटी?

सध्या दुकानात चार बाय दोन फुटी, त्याहून मोठ्याही व्हिट्रिफाइड फरश्या पुढे करतात. गुजरातमधल्या मोरबीहून माल येतो, डिझाइन रोज नवं. दिसायला सुरेखच. पण तळमजला काळ्या मातीवर असेल आणि भरावाची खात्री नसेल, तर दोन बाय दोनची फरशी बरी. जमीन जराशी हलली तर छोट्या फरश्या सांध्यात ते सामावून घेतात आणि एखादी गेली तर तेवढीच काढता येते. वरच्या मजल्यावर, स्लॅबवर, हवी ती मोठी फरशी लावा. तिथे मातीचा संबंध नाही.

फरशी कुठलीही असो, सांधा ठेवायलाच हवा. दोन-तीन मिलिमीटरचे प्लॅस्टिकचे स्पेसर पाच-पन्नास रुपयांत मिळतात. 'जॉइंट-फ्री' म्हणून फरशीला फरशी भिडवून देणारे कारागीर आहेत आणि बघताना ते छान वाटतंही. पण उन्हाळ्यात फरशी किंचित पसरते, तिला जागा मिळाली नाही की ती वरच उठणार. दुसरी चूक चिकटवण्याची. व्हिट्रिफाइड फरशी जवळपास पाणी शोषतच नाही. त्यामुळे जुन्या पद्धतीने मागे नुसती सिमेंटची रबडी फासली तर ती धरत नाही, वर्षा-दोन वर्षांत सुटते. त्यासाठी टाइल ॲडेसिव्ह वापरा, पोत्यावर आयएस 15477 हा क्रमांक बघून घ्या. फरशी बसल्यावर आठवड्याने एका नाण्याने प्रत्येक फरशी ठोकत जा. बद्द आवाज आला तिथे खाली पोकळी आहे. गवंड्याचा शेवटचा हप्ता त्यानंतर द्यायचा.

आणि रंग. धारवाडात लाल माती पायाला लागून घरात येते, हुबळीत काळी धूळ खिडकीतून येते. पांढरी फरशी एकवेळ पुसता येते, पण पांढरा ग्राऊट सहा महिन्यांत कुठल्याच रंगाचा राहत नाही. सांध्यांना राखाडी किंवा बदामी रंग घ्या. न्हाणीघरात आणि ओट्याच्या मागच्या टाइल्सना शक्य असेल तर इपॉक्सी ग्राऊट वापरा. महाग आहे, पण तेवढीच जागा असते.

दगडाची फरशी आता दुकानदार स्वतःहून दाखवत नाहीत, मागावी लागते. शहाबादी आपल्याच उत्तर कर्नाटकातली, कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादची. कडप्पा आंध्रातून येतो, कोटा राजस्थानातून. तिन्ही चुनखडीचे दगड. व्हरांडा, गच्चीवरचा जिना, गाडी लावायची जागा, मागचं धुण्याचं अंगण, इथे शहाबादीला तोड नाही. ओली झाली तरी पाय सहसा घसरत नाही आणि एखादी फुटली तर शेजारची न उखडता बदलता येते. मालमड्डी, सप्तापूरच्या बाजूला मंगळुरी कौलांची जी जुनी घरं राहिली आहेत, त्यातल्या काहींच्या ओसरीवर लाल कोब्याची किंवा दगडाची जमीन अजून दिसते. मुहूर्ताच्या घाईत केलेलं काम नाही ते. लाल कोबा आज करायचा तर मात्र तो हाताने घोटणारा कारागीर आधी शोधा, मग ठरवा, कारण त्यात ठिगळ लावता येत नाही.

न्हाणीघर आणि ओटा

आमची आई भावाच्या घरी न्हाणीतून बाहेर येताना घसरली आणि मनगट मोडलं. उंबऱ्याबाहेरची तीच चकचकीत फरशी. तेव्हापासून मी प्रत्येकाला एकच सांगतो, दुकानात जाताना पाण्याची बाटली न्या. नमुन्याची फरशी जमिनीवर ठेवून तिच्यावर पाणी टाका, साबण मिळाला तर तोही, आणि अनवाणी उभे राहा. दुकानदार हसला तर हसू दे. पेटीवर किंवा माहितीपत्रकात आर-10, आर-11 असा आकडा असतो. आकडा जितका मोठा तितकी फरशी कमी घसरते. न्हाणीत आणि तिच्या दाराबाहेरच्या दोन-तीन फुटांतही खरखरीतच फरशी लावा.

न्हाणीत टाइल बसण्यापूर्वी वॉटरप्रूफिंग झालं की दोन दिवस पाणी साठवून ठेवायचं आणि खालच्या छताकडे बघायचं. हे न करता टाइल बसवली आणि पुढे ओल आली, तर सगळी टाइल फोडण्याशिवाय इलाज नसतो. त्याच वेळी भिंतीतल्या पाइपांचे, टेप धरून, फोटो काढा. पुढे गीझर किंवा आरसा लावताना ड्रिल पाइपात जायचं नाही.

इथल्या पाण्याचा विचारही करावा लागतो. जुळ्या शहरांना नळाचं पाणी येतं ते मलप्रभेचं, म्हणजे आपल्या खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावणाऱ्या नदीचं, सौंदत्तीजवळच्या धरणातून. पण ते रोज येतंच असं नाही. मधल्या दिवसांत बोअरचं पाणी आणि ते बहुतेक ठिकाणी जड. काळ्या चकचकीत टाइल्सवर, काळ्या नळांवर त्याचे पांढरे डाग आठवड्यात उमटतात. बोअर असलेल्या घराने न्हाणीत फिकट, मॅट रंग घ्यावा, एवढं साधं गणित आहे.

ओट्याला, बेळगावकडच्या भाषेत स्वयंपाकाच्या कट्ट्याला, ग्रॅनाइट घ्यावा. इलकलच्या बाजूचा लालसर ग्रॅनाइट प्रसिद्ध आहेच, काळा दक्षिण कर्नाटकातून येतो. जाडी 18 ते 20 मिलिमीटर हवी, कारण आपल्याकडे ओट्यावर भाकरी थापली जाते, नारळ फोडला जातो, खलबत्ता चालतो. निवडताना लिंबू बरोबर असू द्या. तुकड्यावर रस टाकून अर्धा तास ठेवा. संगमरवर किंवा चुनखडीचा दगड असेल तर तिथली चमक जाते, ग्रॅनाइटला काही होत नाही. काळ्या रंगाची शंका असेल तर नेलपॉलिश काढायच्या द्रवात कापूस बुडवून घासा. काळं निघालं तर दगडाला रंग दिलेला आहे.

लाकूड

लाकडाच्या वखारीत भाषा बदलते आणि मराठी माणूस गोंधळतो. 'होन्ने' म्हणजे आपला बिबळा, 'मत्ती' म्हणजे ऐन. मुख्य दाराला दांडेलीकडचा सागवान परवडत असेल तर उत्तम, नाहीतर चौकटीला होन्ने काही वाईट नाही. लाकूड वाळलेलं आहे का एवढं बघा. ओलं लाकूड धारवाडच्या पावसाळ्यात फुगून दार अडकतं, मग सुतार रंधा मारतो आणि उन्हाळ्यात त्याच दारातून उजेड दिसतो.

प्लायवूडवर 'एमआर' लिहिलेलं असेल तर ते दमट हवेपुरतं, पाण्यापुरतं नव्हे. बेसिनखाली, मोरीजवळ आयएस 710 चाच माल घ्यावा. शिक्का खोटाही असू शकतो, म्हणून आयएसआय चिन्हाखालचा सीएम/एल क्रमांक 'बीआयएस केअर' या सरकारी ॲपवर टाकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. न्हाणीच्या दाराला लाकूड नकोच.

रंग सगळ्यात शेवटी

आता मुख्य मुद्दा, ज्यावर घरोघरी वाद होतात. भिंत हाताला कोरडी लागते म्हणजे ती वाळली असं नाही. गिलाव्यावर सात ते दहा दिवस पाणी मारायचं, त्यानंतर निदान महिनाभर ती मोकळी ठेवायची. पावसाळ्यात गिलावा झाला असेल तर त्याहून जास्त. साधी परीक्षा अशी. दोन फूट प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवा, एक दिवसाने बघा. आतून दव जमलं असेल तर भिंतीत पाणी आहे. त्यावर पुट्टी ओढली की ते पाणी क्षार घेऊन बाहेर येतं, भिंतीला लोणा लागतो आणि दोन हजारांचा असो वा वीस हजारांचा, रंगाचे पोपडे निघतात. जिप्समच्या गिलाव्याचं सध्या फार चाललंय, गुळगुळीत होतो, पाणी मारावं लागत नाही. पण ओल धरणाऱ्या तळमजल्याच्या भिंतीला आणि न्हाणीला तो चालत नाही.

माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी घराला नुसता प्रायमर आणि एक हात साध्या डिस्टेंपरचा द्यावा आणि राहायला जावं. वास्तुशांतीला तेवढं पुरतं. एक मृग ते हस्त घराला बघू द्या. पश्चिमेच्या भिंतीवर कुठे ओल येते, खिडकीच्या कोपऱ्यात कुठे केसासारखी चीर पडते, गच्चीचं पाणी कुठे साठतं, हे त्या चार महिन्यांत घर स्वतःच दाखवतं. दिवाळीनंतर चिरा भरून, बाहेरच्या भिंतीला आधी आणि आतल्या भिंतींना नंतर, चांगला रंग द्यावा. सासरची माणसं काय म्हणतील, हा प्रश्न येतोच. त्यांच्याही घराला चिरा असतातच.

याच हिशेबाने पैसे वाटावेत. नंतर बदलता येत नाही त्याला आधी: भराव, वॉटरप्रूफिंग, वायरिंग, पाइप, फरशी. नंतर करता येतं ते थांबवा: फॉल्स सीलिंग, वॉलपेपर, टीव्हीमागची सजावट. उन्हाळ्यात वरचा मजला तापतो म्हणून फॉल्स सीलिंग करणारे बरेच आहेत. गच्चीला पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा थर दिला किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग मारला तर ऊन स्लॅबपर्यंत कमी पोचतं, त्याचा उपयोग जास्त.

रंगाच्या डब्यावर शिशाचं प्रमाण बघायला विसरू नका, विशेषतः घरात लहान मूल असेल तर. 1 नोव्हेंबर 2017 पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त शिसं चालत नाही, आणि डब्यावर तसं छापावं लागतं. ज्या डब्यावर काहीच छापलेलं नाही तो स्वस्त असला तरी घेऊ नका.

कोल्हापुरातून आणू की इथेच घेऊ?

हा प्रश्न सीमाभागात हमखास. जीएसटी आल्यापासून टाइल्सवरचा कर हुबळीत, बेळगावात, कोल्हापुरात सारखाच आहे, 18 टक्के. त्यामुळे राज्य बदलून करात काही वाचत नाही. फरक पडतो तो भाड्याचा आणि फुटीचा. शिवाय उरलेल्या पेट्या परत करायला दीडशे-दोनशे किलोमीटर कोण जाणार? पन्नास हजारांवरचा माल सीमेपलीकडून आणताना ई-वे बिल लागतं, म्हणून 'बिलाशिवाय स्वस्तात देतो' हे ऐकायला गोड, वाटेत महाग.

बिल असेल तर कायदाही बाजूने आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार माल कोल्हापुरात घेतला असला तरी तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे धारवाड जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. आधी 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन करून बघावा. बिल्डरकडून फ्लॅट घेतला असेल तर रेरा कायद्यात ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं बांधकामाच्या आणि कामाच्या दर्जाच्या दोषांची जबाबदारी त्याच्यावर आहे. कळवल्यापासून तीस दिवसांत ते त्याने विनाखर्च दुरुस्त करून द्यायचं असतं. पण तोंडी नको, लेखी कळवा. आणि करारात 'उत्तम प्रतीची फरशी' असं मोघम न ठेवता कंपनी, माप आणि प्रकार लिहून घ्या.

शेवटचा हिशेब पेट्यांचा. बारा बाय दहाची खोली म्हणजे 120 चौरस फूट. चार इंची स्कर्टिंग, दार वगळून 41 फूट, त्याचे जवळपास 14 चौरस फूट. कापण्या-फुटण्याचे दहा टक्के धरले की 147. दोन बाय दोनच्या चार फरश्यांची पेटी 16 चौरस फुटांची. दुकानदार खोलीचंच माप धरून आठ पेट्या सांगतो, लागतात दहा. सगळ्या पेट्या एकाच लॉट नंबरच्या आणि एकाच शेडच्या घ्या, प्रत्येक पेटीवरचा नंबर उतरवताना वाचा. आणि एक पेटी जास्तीची घेऊन जिन्याखाली ठेवा, तिच्यावरच्या चिठ्ठीचा फोटो बिलाबरोबर जपा, कारण वर्षभरात ते डिझाइन बंद झालेलं असतं.

भावाने जास्तीची पेटी ठेवली नव्हती. त्याच नावाची फरशी दुसऱ्या लॉटमधली मिळाली, ती बसवली. दिवाणखान्यातल्या त्या नऊ फरश्या उजेडात किंचित पिवळसर दिसतात. वहिनींनी त्यांच्यावर दिवाण ओढून ठेवला आहे.